झोपलेल्याला विचारून काय उपयोग

झोपेच्या डॉक्टरांकडे माणसं जोडीनं येतात. इतर डॉक्टरांकडेही सोबतीला कुणीतरी असतंच, पण ते फाईल सांभाळायला. इथं मात्र सोबत आलेलं माणूसच सगळं बोलत असतं आणि पेशंट बाजूच्या खुर्चीत अवघडून बसलेला असतो, चेहऱ्यावर 'मला काही झालेलं नाही, हिनंच ओढून आणलंय' असा भाव. डॉक्टर विचारतात, "घोरता का?" तो म्हणतो, "ही म्हणते तसं." डॉक्टर विचारतात, "झोपेत श्वास अडकतो का?" तो बायकोकडे बघतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत? तो झोपला होता.

दात दुखला तर दुखणाऱ्याला कळतो. झोपेच्या बऱ्याचशा आजारांत मात्र ज्याचा आजार तोच घटनेच्या वेळी गैरहजर असतो. साक्ष देतं ते शेजारच्या उशीवरचं माणूस. त्या माणसाचं ऐकायची मात्र आपल्याकडे फारशी पद्धत नाही.

माझा नवरा लग्नापासून घोरतो. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "लहानपणापासून कसा ढाराढूर झोपतो! ढोल वाजवला तरी उठायचा नाही." मोठ्यानं घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे निर्मळ मन, अशी त्यांची साधी मांडणी होती. कोकणकन्येत त्याच्यामुळे अख्खा डबा जागा राहिल्याचे किस्से आमच्याकडे लग्नकार्यात सांगितले जात. सांगण्यात मीही असायचेच. घोरणं हा आपल्याकडे विनोदाचाच विषय.

पन्नाशीच्या आसपास त्या घोरण्याचा पोत बदलला. आधी त्याला एक ठेका होता, त्या ठेक्यात मला झोप लागायची. आता आवाज चढत जायचा आणि मध्येच बंद व्हायचा. पूर्ण बंद. छाती आणि पोट मात्र हलत असायचं, आत काहीतरी झटापट चालू असल्यासारखं, पण नाकातोंडातून हवेचा मागमूस नाही. मी अंधारात त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. मग एकदम हिसका, घशातून खर्र आवाज, कूस बदलणं आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढेपुढे माझी जाग घोरण्यानं मोडेनाशी झाली. घोरणं थांबलं की मी जागी व्हायचे.

आत नेमकं काय घडतं ते नंतर कळलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. सगळ्यांचेच पडतात. पण ज्याचा घसा मुळात अरुंद, मान जाड किंवा जबडा आत गेलेला, त्याची जीभ आणि मऊ टाळू मागे पडून हवेची वाटच मिटते. श्वास घ्यायची धडपड चालू असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू दचकतो, स्नायूंना ताठ करतो, वाट उघडते. हे दचकणं इतकं क्षणभराचं असतं की सकाळी त्याची आठवण राहत नाही. मात्र प्रत्येक दचक्याला रक्तदाब उसळी घेतो. छातीतल्या ओढाताणीमुळे हृदय एक संप्रेरक सोडतं, ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला लावतं. म्हणून अशा माणसाला रात्रीतून दोनतीनदा लघवीला उठावं लागतं आणि तो साखर तपासत बसतो, नाहीतर प्रोस्टेट. सकाळी डोकं जड. दिवसा टीव्हीपुढे, मीटिंगमध्ये, देवळात, कुठंही डुलकी. बीपीची एक गोळी असते, तिच्या दोन होतात, तरी आकडा हटत नाही. आमच्याकडे हे सगळं होतं, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण होतं: ऑफिसचा ताण, वय, पाणी जास्त पितो, आळस.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास बंद पडला की तो एक अडथळा धरतात. श्वास अर्धवट अडला तर तोही यातच मोजतात. तासाला असे पाचपेक्षा कमी असतील तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून हेच नाव घेतलं, आणि आपल्याकडच्या अनेक घरांत ते पहिल्यांदा ऐकलं गेलं. मी त्या दिवशी बातमी नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "ते वेगळं." आणि सोफ्यावर झोपला.

डॉक्टरांनी त्याला एक कागद भरायला दिला. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमध्ये मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी १९९१ साली केलेली ही प्रश्नावली आता जगभर वापरतात. आठ प्रसंग दिलेले असतात, आणि त्या त्या वेळी डुलकी लागायची शक्यता किती ते शून्य ते तीनमध्ये सांगायचं. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारच्या जेवणानंतर शांत बसलेले असताना वगैरे. (दुपारच्या जेवणानंतरचा प्रश्न महाराष्ट्रात तरी वगळायला हवा. वामकुक्षीला लक्षण म्हटलं तर निम्मं पुणं आजारी निघेल.) बेरीज दहाच्या वर गेली की प्रकरण तपासण्याजोगं. शेवटचा प्रश्न असा होता: गाडीत बसलेले असताना, वाहतुकीत काही मिनिटं थांबावं लागलं तर? नवऱ्यानं तिथं शून्य लिहिलं. मी कागद हातातून घेऊन तीन केलं. घोडबंदर रोडवर सिग्नलला मागचे हॉर्न वाजवायला लागले की मी त्याला कोपरानं ढोसायचे, ते काय उगाच? श्वास कोंडल्यामुळे त्याला काय होईल ही भीती होतीच, पण स्टिअरिंगवर तो डुलकी घेतो तेव्हा शेजारच्या सीटवर मी असते, हेही होतं.

तपासणी घरीच झाली. संध्याकाळी एक मुलगा बॅग घेऊन आला, छातीला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला, नाकाखाली दोन तोंडांची बारीक नळी चिकटवली आणि "सर, नेहमीसारखं झोपा" असं सांगून गेला. नवरा म्हणाला, असल्या वायरींमध्ये कुणाला झोप लागते? बोलता बोलता लागली. रिपोर्टमध्ये तासाला बेचाळीस अडथळे होते आणि ऑक्सिजन चौऱ्याहत्तरपर्यंत उतरलेला. करोनात बोटाला तोच चिमटा लावून नव्वदच्या खाली गेलं की आपण बेडसाठी फोनाफोनी करत होतो. इथं हा माणूस रोज रात्री चौऱ्याहत्तरला जाऊन परत येत होता. तो पहिल्यांदा गप्प झाला ते हा आकडा बघून.

यावर उपाय काय, तर हवा. नुसती हवा, थोड्या दाबानं. १९८०पर्यंत तीव्र आजारात खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडायचं. सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांकडे आलेल्या एका रोग्यानं त्याला साफ नकार दिला. तेव्हा सुलिव्हननी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून, नाकावर मास्क बसवून रात्रभर हवा आत ढकलली. त्या दाबानं घसा मिटायचा थांबला आणि माणूस शांत झोपला. १९८१मध्ये पाच रोग्यांचा हा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज घराघरांत ठेवलेलं सीपॅप मशीन त्याचंच सुधारलेलं रूप. ते ऑक्सिजन देत नाही, खोलीतलीच हवा देतं. हे मी आतापर्यंत इतक्या पाहुण्यांना सांगितलंय की एक पाटीच करून लावावी असं वाटतं.

मशीन तीसचाळीस हजारांपासून पुढे कितीही. पहिले काही आठवडे जिकिरीचे गेले. मास्क घट्ट केला की नाकाच्या दांड्यावर वळ, सैल केला की कडेनं फुस्स करून हवा डोळ्यात. तोंड कोरडं पडायचं म्हणून पाण्याची टाकी जोडली, त्यात डिस्टिल्ड वॉटर, ते मेडिकलवाल्याकडे कधी असतं कधी नसतं. मास्क रोज साबणानं पुसायचा. नातवानं बघितलं आणि आजोबांना सोंड आली म्हणून घरभर सांगत सुटला. रात्री मशीन बाजूला काढून ठेवायचा मोह नवऱ्याला फार व्हायचा, आणि इथंच बहुतेक जण हरतात. मशीन कपाटात जातं आणि आजार उशीवर परत येतो. तो टिकला, कारण फरक लवकर दिसला. दुपारची पेंग गेली, रात्रीचं उठणं थांबलं, बीपीची वाढवलेली गोळी डॉक्टरांनी कमी केली.

सगळ्यांना मशीनच लागतं असं नाही. सौम्य आजारात दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी कवळी बनवून देतात. काहींचा श्वास उताणं झोपल्यावरच अडतो; त्यांच्यासाठी बंडीच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवायचा जुना तोडगा आहे, आणि तो चालतो. लहान मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल तर बहुतेकदा टॉन्सिल नाहीतर नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात, त्या काढल्या की मूल बदलतं. वजन उतरलं की अडथळे कमी होतात हे तर जुनंच. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये लठ्ठ माणसांच्या स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. रात्रीची दारू मात्र घशाला आणखी सैल करते. 'एक पेग घेतला की मस्त झोप लागते' म्हणणाऱ्यांच्या बायकांना विचारा.

झोपलेल्या माणसांकडे नीट बघणारे आपल्याकडे नव्हते असं नाही. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपण नावाचा एक अख्खा समास आहे. त्यात जांभया आहेत, टेकल्या जागी घोरू लागणारे आहेत, हातपाय हलवणारे, करकर दात खाणारे, बरळत उठणारे, अंधारात हिंडू लागणारे. समर्थांनी ते थट्टेनं लिहिलंय, पण आज एखाद्या स्लीप लॅबमध्ये तो समास वाचला तर डॉक्टर एकेका ओळीला एकेक निदान लिहितील.

हातपाय हलवणाऱ्यांत आमचे वाईचे काका. निवृत्त मास्तर, आयुष्यात मुलांना छडी मारली नाही. सत्तरीकडे आल्यावर ते झोपेत लढू लागले. 'धर त्याला', 'सोडू नको' असं ओरडत गुद्दे, लाथा. सकाळी विचारलं तर स्वप्न सांगायचे: घरात चोर शिरला होता, कुत्रं अंगावर आलं होतं. काकूच्या दंडावर काळेनिळे डाग. कुणी तिला बाहेरचं बघायचा सल्ला दिला, कुणी मास्तरांच्या मनात काय दडलंय याच्या चर्चा केल्या. काकूनं दोन्ही ऐकलं आणि खालची गादी धरली.

खरं कारण असं की आपण स्वप्न बघतो ती झोप वेगळी असते. तिच्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात, हे शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३मध्ये नोंदवलं. या झोपेत मेंदू बहुतेक स्नायूंना कुलूप घालतो, म्हणून स्वप्नात आपण पळतो पण अंथरुणात पडूनच असतो. काकांचं कुलूप बिघडलं होतं. १९८६मध्ये मिनेसोटातल्या शेंक आणि माहोवाल्ड यांनी या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्यांच्यापुढेही असेच उतारवयातले, दिवसा अगदी शांत असणारे लोक होते. औषध म्हणून मेलाटोनिन किंवा अगदी लहान मात्रेत क्लोनाझेपाम देतात. त्याहून आधी खोली सुधारायची: पलंग काढून गादी खाली, टोकदार टेबल बाहेर, खिडकीशी न झोपणं.

पण एवढ्यावर संपत नाही. असे लोक पुढच्या दहापंधरा वर्षांत मोठ्या प्रमाणावर पार्किन्सन्सकडे किंवा त्याच्या भावकीतल्या आजारांकडे जातात. न्यूरॉलॉजिस्टनी काकूला विचारलं, वास येतो का यांना? काकू म्हणाली, अहो, गेल्या दिवाळीत दूध करपून घरभर धूर झाला, हे शेजारी बसून पेपर वाचत होते. पोट साफ होतं? नाही, वर्षानुवर्षं इसबगोल. हात थरथरायच्या कितीतरी आधी या गोष्टी येतात, आणि एकूण एक काकूला माहीत होत्या. फक्त तिला तोवर कुणी विचारलं नव्हतं. आता काका दर वर्षी तपासणीला जातात. अजून हात स्थिर आहेत, अक्षर मात्र बारीक झालंय असं काकू म्हणते. मी ते लिहून ठेवायला सांगितलंय.

याच्या उलट एक आजार आहे. त्यात साक्षीदार कुणीच नसतो आणि स्वतःलाही धड सांगता येत नाही. माझी आजी रात्री आम्हा नातवंडांना पायांवर उभं करायची. "तुडवा रे, जोरात तुडवा." पाय दुखतात का विचारलं तर नाही म्हणायची. वळवळतात म्हणायची. ओढतात, आतून कुणीतरी चालल्यासारखं होतं, ठेवावे कुठे तेच कळत नाही. मग उठून ओसरीवर फेऱ्या मारायची, चाललं की बरं वाटायचं, आडवी झाली की पुन्हा सुरू. म्हातारीचे चाळे म्हणून घरानं सोडून दिलं. लंडनच्या थॉमस विलिसनं १६७२मध्ये हेच लिहून ठेवलंय आणि स्वीडनच्या एकबोमनी १९४५मध्ये त्याला अस्वस्थ पायांचा आजार म्हटलं. बऱ्याच जणांत मूळ असतं लोहात: मेंदूला पुरेसं लोह मिळत नाही. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासावं लागतं, आणि ते ७५च्या खाली असेल तर लोह देतात. गरोदरपणात आणि किडनीच्या आजारात हा त्रास वाढतो. काही उलटीच्या आणि सर्दीच्या गोळ्यांनीही वाढतो. लोहानं भागलं नाही तर गॅबापेंटिनसारखी औषधं आहेत.

आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी असल्याचं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं. त्यातल्या किती जणी रात्री पाय झाडत असतील? आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना मी सहज विचारलं तर त्या पोळपाट बाजूला ठेवून माझ्याकडे बघायलाच लागल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या पायांना ओढणी घट्ट बांधून झोपायच्या. फेरिटिन नऊ निघालं.

निद्रानाशाचं मात्र माझं मला सांगायला हवं. तिथं रोगी हाच एकमेव साक्षीदार, आणि तो फारसा भरवशाचा नसतो. पाळी जायच्या सुमारास मला पहाटे तीनला जाग येऊ लागली. घड्याळ बघायचं, उरलेले तास मोजायचे, उद्याचा दिवस बोंबलला म्हणून चिडायचं, आणि चिडल्यावर झोप कुठली यायला? दूध-जायफळ झालं, तळपायाला तूप चोळून झालं. मैत्रिणीनं तिची झोपेची पाव गोळी देऊ केली. अल्प्राझोलम आणि तिच्या बहिणी आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, तरी कुणाच्या ना कुणाच्या पर्समधून निघतातच. या गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात, मग सवय लागते. उतारवयात तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं, विसराळूपण वाढतं. आणि घोरणाऱ्याला त्या न विचारता देणं फारच वाईट, कारण सैल घसा त्या आणखी सैल करतात.

अमेरिकेच्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६मध्ये जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून गोळी सांगितली नाही, सवय मोडायची उपचारपद्धत सांगितली. ती ऐकायला उफराटी वाटते. झोप येत नाही ना? मग अंथरुणातला वेळ कमी करा. डॉक्टरांनी माझ्याकडून दोन आठवडे वही भरून घेतली आणि फर्मावलं: साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही, सहाला उठायचं, दुपारी पडायचं नाही. मध्ये जाग आली आणि तळमळ सुरू झाली की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे मिटायला लागले की परत. अंथरुणात फोन नाही, हिशेब नाहीत, भांडण नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. पहिला आठवडा मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. झोपेची उधारी साठत गेली आणि मग साडेबाराला उशीला डोकं टेकायचा अवकाश, की झोप. त्यानंतर वेळ हळूहळू वाढवायची. झोपेवर डोळे वटारून बसायचं थांबलं, हा मुख्य फायदा.

तरी सकाळचा शिणवटा पुरता गेलाच नाही. डोकं जड, दुपारी कामात मन नाही. मी ते वयावर घातलं. पाळी गेल्यावर बायकांच्या घशाचे स्नायू राखणारी संप्रेरकं घटतात आणि तोवर नसलेला स्लीप अ‍ॅप्निया सुरू होऊ शकतो, हे मला वाचून ठाऊक होतं. बायकांत तो मोठ्या गर्जना करत येत नाही. थकवा, डोकेदुखी, उदासपणा, तुटक झोप असा येतो, आणि त्यांना निद्रानाशाची नाहीतर डिप्रेशनची गोळी मिळते. शिवाय पुरुषाची साक्ष द्यायला बायको जागी असते, बायकोची द्यायला कोण? बरेच नवरे तेव्हा स्वतःच घोरत असतात.

माझा आता घोरत नाही. परवा सकाळी चहा गाळताना तो म्हणाला, "तू रात्री घोरत होतीस. मध्ये थांबलीस, मग एकदम हिसका देऊन कुशीवर वळलीस. मी त्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊ का?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय! मी तर रात्रभर जागीच होते."